साधी हवा चालणार नाही

हवा सगळ्यांना फुकट मिळते, आणि म्हणूनच शिकल्यासवरल्या माणसाचा तिच्यावर विश्वास नसतो. वजनमापे खात्यातले हेडक्लार्क तर भलतेच शिकलेले. त्यांनी गाडीच्या चारही चाकांत नायट्रोजन भरून घेतला. (मेहुण्याने आठवडाभर आधी भरला होता, हे कारण दुय्यम.) गॅरेजवाल्याने खड्ड्यांचे धक्के झेलणारे शॉकअपही नायट्रोजनचे बसवले. त्याने सांगितलेले नायट्रोजनचे फायदे एकूण चौदा होते: अकरा शर्यतीच्या गाड्यांना, दोन विमानांना आणि एक गॅरेजवाल्याला. हेडक्लार्कांच्या गाडीचा सरासरी वेग ताशी सव्वीस.

रविवारी पाच वाजता बायकोची गाण्याची स्पर्धा होती. तीन महिने तिने घसा सांभाळला होता. अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. खिळाबिळा काही नाही. नायट्रोजन आपणहून निघून गेला होता. (फायदा क्रमांक एक: गळत नाही.) सुदैवाने समोरच पंक्चरवाला होता.

"हवा मारू?"

हेडक्लार्क दोन पावलं मागे सरकले. "हवा? आत नायट्रोजन आहे!"

"साहेब, हवेतही शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो."

"आणि उरलेले बावीस?"

"त्यातलाच ऑक्सिजन आपण श्वासात घेतो."

"म्हणजे लोकांचं उष्टं!"

"अहो, डिकीत चाक आहे ना?" बायको म्हणाली.

"त्यात साधी हवा आहे. तीन चाकांत नायट्रोजन आणि चौथ्यात हवा? गाडीच्या मनावर काय परिणाम होईल?"

बायकोने घड्याळ पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग पंक्चरवाल्याला विचारलं, "भाऊ, तुमच्या स्कूटरच्या चाकांत काय आहे?"

"हवा."

"चला मग. सोडा मला."

दुकान हेडक्लार्कांच्या ताब्यात आलं. त्यांनी दोन सायकलवाल्यांना हवेचे धोके समजावून सांगितले. दोघेही सायकली हाताने ढकलत, पण समाधानाने गेले.

सात वाजता बायको दुसरं बक्षीस घेऊन परतली.

"स्कूटर डुगडुगली नाही ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

तिने पंपाची नळी उचलली आणि चाकात स्वतः हवा भरली. घरापर्यंत गाडी अगदी सरळ गेली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बायकोचं गाणं आपण ऐकलंच नाही, हे मात्र जेवताना लक्षात आलं.

हेडक्लार्कांना हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. स्वयंपाकघरात जावं. पाण्यातले क्षार काढून तेच क्षार पुन्हा पाण्यात घालणारं जे यंत्र तिथे भिंतीवर टांगलं आहे, त्यातलं ग्लासभर पाणी प्यावं. मग हसावं.