राजकुमारचं वजन

शहादा तालुक्यात माझ्या हाताखालून न गेलेली म्हैस शोधून दाखवा, मी मिशी उतरवतो! एकतीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली आहेत. गाय अडली की लोक आधी देवाला हाक मारत आणि मग भटू डॉक्टरला, म्हणजे मला. देवाला यायला उशीर व्हायचा. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगावं लागतं.

गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि एसटी स्टँडच्या मागे स्वतःचा दवाखाना उघडला. तिथे बसल्यावर लक्षात आलं की काळ बदललाय. गोठे रिकामे होतायत आणि कॉलन्यांमधून पिंजरे टांगले जातायत. लोक काचेच्या पेटीत कासव पाळतात, गॅलरीत रंगीत पाखरं पाळतात, आणि ती आजारी पडली की सुरतेला धावतात. म्हटलं, सुरतेला कशाला? मी काय मेलोय? पक्ष्यांच्या आजारांवर दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. पहिला दिवस मन लावून ऐकला. दुसऱ्या दिवशी लाइट गेली. प्रमाणपत्र मात्र दोन्ही दिवसांचं आलं, सोनेरी किनारीचं. लगेच पाटी रंगवून घेतली: ‘पक्षी व विदेशी प्राणी यांवर विशेष उपचार.’

माझी बायको मोहिनी पाटी वाचून म्हणाली, “म्हैसले सुई टोचनारा हात शे तो. चिडीले नुसता लावा तरी मरी जाई.”

मी पाटी दारावर ठोकली. विशेषज्ञाने घरच्यांशी वाद घालू नये.

आठच दिवसांत पहिला पेशंट आला आणि तोही सराफाच्या घरचा! सुमेरमलशेठांचं सोन्याचांदीचं दुकान मेन रोडला आहे. खाली दुकान, वर घर. त्यांची बायको छोटीबाई मांडीवर पिंजरा धरून रिक्षातून उतरल्या. आत एक कॉकाटील होता. म्हणजे मैनेपेक्षा जरा मोठा, राखाडी रंगाचा परदेशी पोपट. गालावर केशरी टिकली आणि डोक्यावर ताठ तुरा. नाव राजकुमार. मुलगा रिषभ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा, आई एकटी पडेल म्हणून हा पक्षी देऊन गेला होता. हे घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथे गिऱ्हाइकांशी बोलून बोलून छोटीबाईंची अहिराणी माझ्यापेक्षा चोख झालीय.

“शेठ दुकानमा, पोऱ्या पुनाले,” त्या म्हणाल्या. “मन्हं आयकी लेनारा हाऊ एकच शे, डाक्टरसाहेब. याले काही व्हवाले नको.”

हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले आणि मला एकदम आपण फार मोठे आहोत असं वाटलं. डॉक्टरचं असंच असतं. समोरचा रडायला लागला की छाती फुगते.

तक्रार अशी होती की राजकुमार चार दिवस पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून कागद कुरतडतो, हात घातला की चावतो, आणि पोट तट्ट फुगलंय. मी तुरा पाहिला. तुरा आहे त्या अर्थी नर. कोंबड्यांच्या बाबतीत हे शास्त्र मला कधी दगा देत नव्हतं. मग पोट दाबलं, जीभ बघितली, दोन वेळा ‘हं’ म्हटलं आणि निदान सांगितलं: तरणा नर आहे, अपचन झालंय. वासराच्या पोटाच्या औषधाचा डोस मोबाइलवर चारशेने भागला आणि थेंब लिहून दिले.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीची एक गोष्ट मला पक्की आठवत होती. पक्ष्याची खरी तब्येत ग्रॅममध्ये कळते, म्हणून वजन रोज करावं. माझ्याकडचा काटा पेंडीच्या पोत्यांचा. त्याच्यावर राजकुमार ठेवला तरी काटा हलेना. पण ज्याच्या घरी मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा आहे त्याला काय अडचण? दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला, दुकानात दिवा-उदबत्ती झाली की बोहनीच्या आधी राजकुमार सोन्याच्या काट्यावर बसू लागला. मी जातीने हजर. सुमेरमलशेठ चष्मा सावरून, जणू कोणाच्या मंगळसूत्राचं वजन सांगावं तशा गंभीर आवाजात सांगत, “एक्क्याण्णव ग्रॅम, दोनशे दहा.”

दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव. तिसऱ्या दिवशी पंचाण्णव. चौथ्या दिवशी सत्त्याण्णवच्या वर!

मी हवेतच होतो. शेठ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वजनाची वही दाखवत आणि सांगत की सुरतेला जायची गरज नाही, आपल्या गावात माणूस आहे. आयुष्यभर म्हशींच्या मागे उभं राहून काम केलं. कोणी समोरून कौतुक करायची ही पहिलीच वेळ होती. ते मला सोसलं नाही. पाचव्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

त्या दिवशी खापरहून एक कुटुंब लग्नाचं सोनं घ्यायला आलेलं होतं. राजकुमार काट्यावर बसलेला, आणि माझे थेंब पोटात जाऊन नेमकं काय करतात हे मी त्या मंडळींना समजावून सांगत होतो. तेवढ्यात राजकुमारने अंग फुलवलं, जरा थरथरला आणि तोऱ्यात काट्यावरून खाली उतरला. काटा शून्यावर यायला हवा होता. तो पाच ग्रॅमवर थांबला. चाळीस वर्षं काट्यासमोर बसलेल्या सुमेरमलशेठांना आधी वाटलं काटा बिघडला. मग त्यांनी चष्मा काढून पाहिलं.

काट्यावर अंडं होतं.

खापरचे म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, “शेठ, तुमना राजकुमार तं बाळंत व्हयना.”

आता हे घर कसं, तर जिथे कांदा-बटाटा उंबरा ओलांडत नाही आणि दिवस मावळल्यावर कोणी घास घेत नाही. त्या घरच्या लक्ष्मीच्या काट्यावर अंडं! शेठ डोळे मिटून नवकार मंत्र म्हणू लागले. नोकर मागे सरकले. फेकावं तर आत जीव असेल, ती हत्या. ठेवावं तर जैनाच्या घरात अंडं. कोणी त्याला हात लावेना.

मी घाईघाईने सांगितलं की घरात दुसरा पक्षीच नाही, तेव्हा हे अंडं वांझ आहे, यात जीव असूच शकत नाही.

छोटीबाईंनी माझ्याकडे बघितलं. “पाच दिवसपहिले तुम्हीच याले नर सांगं व्हतं ना?”

मी बॅगेतून कापूस काढला. मग भलतंच बोललो. म्हटलं, अंडं मी माझ्या घरी नेतो, उबेत ठेवतो, जीव असला तर वाचेल. शेठांनी हात जोडले. मग जाता जाता, गेलेला मान थोडा तरी परत यावा म्हणून मी एक वैद्यकीय सल्ला दिला. पुन्हा अंडं घातलं तर क्षणभरही ठेवू नका, मला फोन करा, मी येऊन उचलतो.

हा सल्ला मला कोणीही विचारला नव्हता.

एक दिवस सोडून फोन आला. मी स्कूटरवर बांगड्यांच्या डब्यात कापूस घालून गेलो, अंडं आणलं. पुन्हा एक दिवस सोडून फोन. पुन्हा अंडं. दोन आठवड्यांत सात! माझ्या घरी मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर सात अंडी, आणि वर टांगलेला शंभरचा बल्ब. आधी झीरोचा लावला होता, पण छोटीबाई फोनवर रोज ‘ऊब पुरस ना?’ विचारत. त्यांना बरं वाटावं म्हणून शंभरचा लावला आणि ऊब वाया जाऊ नये म्हणून डब्याचं झाकणही बरंचसं लावून घेतलं. मोहिनी रोज त्या डब्याजवळून जाताना म्हणे, “जनमभर अडेल म्हशी सोडाव्यात, आते अंडा उबवत बसा.”

तिकडे वजनाची वही उलटी चालायला लागली. नव्वद, सत्त्याऐंशी, ब्याऐंशी. शेठ आता आकडा मोठ्याने सांगत नव्हते; वही माझ्याकडे सरकवत. राजकुमार (नाव कोणी बदललं नव्हतं) दांडीवर बसेना. तळाशी पंख सोडून बसायची आणि छोटीबाईंनी बोलावलं की नुसते डोळे उघडायची. सातवं अंडं मी घरी नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याशेजारी चटईवर छोटीबाई बसल्या होत्या. त्यांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मी बॅग उघडली आणि आतल्या सगळ्या बाटल्यांकडे नजर टाकली. सगळ्यांवर म्हशीचं चित्र होतं. मला भीती वाटली, आणि ही भीती इभ्रतीची नव्हती. बाईंचं ऐकून घेणारं ते एकच होतं, आणि ते माझ्यामुळे चाललं होतं.

शेवटी मी म्हटलं, “भाभी, मला यातलं काही कळत नाही. सुरतेला विचारा.”

हे वाक्य मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं.

रिषभने पुण्याहून खटपट करून सुरतच्या डॉक्टर किंजलना व्हिडिओ कॉलवर आणलं. पक्ष्यांच्या खऱ्या विशेषज्ञ. वय माझ्या सुनेएवढं. त्यांनी पिंजरा बघितला, वजनाची वही बघितली आणि अशी वही ठेवल्याबद्दल शेठांना शाबासकी दिली. मग विचारलं, “अंडी कुठे आहेत?”

छोटीबाईंनी सांगितलं की घातलं की लगेच उचलतात.

“कोण उचलतं? अहो, तिला घरट्यात चार-पाच अंडी भरलेली दिसायला हवीत. तुम्ही उचलता, म्हणून ती पुन्हा घालते. हाडातलं कॅल्शियम संपेपर्यंत घालत राहील. हे सांगितलं कोणी तुम्हाला?”

मी पिंजऱ्याची कडी अतिशय बारकाईने तपासत होतो. छोटीबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “शेत आमना एक डाक्टर. आठेच बठेल शेत.”

किंजल मॅडमनी मला काही ऐकवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. कॅल्शियमचे थेंब सांगितले, आणि सगळी अंडी परत तिच्यापुढे ठेवा म्हणाल्या. एकवीस दिवस बसेल, मग स्वतःच सोडून देईल. शेठ कावरेबावरे झाले. घरात एक नाही, सात अंडी, तीही तीन आठवडे! समाजात सगळ्यांना काय सांगायचं?

छोटीबाई उठल्या. “बठ्ठासले सांगसू, जीव वाचाडाकरता ठेल शेत. आनि कोनले धर्म बुडेल वाटना तं तेन्ही मन्हाकडे येवो. डाक्टर, अंडा लई या.”

मी स्कूटर पळवली. डबा घेऊन परत निघालो, आणि उसाच्या रसवंतीपुढच्या गतिरोधकावर डबा उडाला. थांबून बघितलं तर एका अंड्याला तडा गेलेला. पण गळत काहीच नव्हतं. कवच जरा सोललं. आत घट्ट, पांढरंशुभ्र. दुसरं कानाशी हलवून बघितलं. तेही घट्ट! शंभरच्या बल्बने सातही अंडी उकडून काढली होती.

जैनांनी विश्वासाने सोपवलेले सात जीव मी मिठाईच्या डब्यात शिजवले होते. रसवंतीमागे जाऊन, घाम पुसत, किंजल मॅडमना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

त्या एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, “वा! उकडूनच ठेवायची असतात. म्हणजे सडत नाहीत, फुटत नाहीत. जैन घर म्हणून मला सांगायचा संकोच वाटला. तुम्ही आधीच केलंत? अनुभव आहे हं तुम्हाला.”

पक्षिवैद्य म्हणून मी केलेला हा एकमेव बरोबर उपचार. अडचण एवढीच, की तो कोणाला सांगता येत नव्हता.

तडा गेलेलं रुमालात घालून खिशात ठेवलं आणि सहा अंडी राजकुमारपुढे मांडली. तिने एकेक चोचीने सारखं केलं, पोटाखाली ओढलं आणि डोळे मिटून बसली. छोटीबाई त्या वेळी पहिल्यांदा पाणी प्यायल्या. एकवीस दिवसांत वजन ब्याण्णववर आलं. बाविसाव्या दिवशी ती अंडी सोडून दांडीवर चढली आणि शेठांच्या बोटाला कडकडून चावली. सगळं घर हसलं. मीही हसलो.

मग छोटीबाईंनी सहाही अंडी पांढऱ्या फडक्यात बांधली आणि नदीकाठी नीट पुरायला माझ्या हातात दिली. म्हणाल्या की यातनं पिल्लं निघाली नाहीत त्याचा दोष कोणाला तरी लागतो, म्हणून आजपासून त्या दोन दिवसांचा उपवास करतायत, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. मी म्हटलं की भाभी, यात जीव नव्हताच, खरंच नव्हता.

“सुरतवाली बाईबी तेच सांगस,” त्या म्हणाल्या. “पन व्हताच एखादा, तं? तुम्हीन इतलं जपं, तरी नही वाचना. म्हनीसन अर्धा उपवास तुमना नावना धरेल शे. तुमले पाप नको लागाले.”

नदीकाठी मी खड्डा खणला आणि फडकं त्यात ठेवलं. इतके दिवस घरी फ्रीजमध्ये लपवलेलं, तडा गेलेलं सातवं अंडंही त्यातच ठेवलं. घरी आलो तर मोहिनीने दुपारचं ताट वाढलेलं. मी म्हटलं, आज जेवणार नाही, उपवास आहे. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला आणि ताट झाकून ठेवलं. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. बाई माझ्या पापासाठी दोन दिवस उपाशी राहते, तर मला निदान तेवढं तरी जमायलाच हवं.

छोटीबाईंचा उपवास दोन दिवस चालला. माझा दुपारी चारपर्यंत.