मास्तरांची बासपेटी आणि अमीरचा टेम्पो

आठ वर्षे ज्या पेटीची बटणे आपण डोळे मिटून दाबली, ती आपल्याला कोणी शिकवू नये, असे सूर्यभान मास्तरांचे ठाम मत होते. त्यांच्या बँडात बासचा, म्हणजे खर्जातल्या साथीचा, भोंगा फुंकणारा आता उरला नव्हता. ते काम एक जुनी परदेशी बासपेटी करी. तिच्यात एकदा सूर भरले, की तेच सूर ती न थकता वाजवत राही.

ती कायमची बंद पडली, तेव्हा कर्जतच्या हैदर मेकॅनिकने तिच्यासारखी दुसरी बनवली. बाहेरून बटणाला बटण जुळत होते. आतल्या चिपमधला प्रोग्रॅम मात्र हैदरचा होता. जुन्या पेटीत नॉब फिरवला की लय तत्क्षणी बदले. नवी पेटी प्रत्येक चालीची लय लक्षात ठेवी आणि लाल बटण दाबून धरल्याशिवाय नॉबला दाद देत नसे. हैदर हे समजावू लागताच मास्तर म्हणाले, "हैदरभाई, तुमी पेटी बांधा. वाजवायचं मला ठावं हाय."

पहिली कसोटी उत्तमरावांच्या थोरल्या लेकीच्या, जयमालाच्या लग्नात लागणार होती. उत्तमराव कमालीचे वक्तशीर. बारा सत्तावीसच्या मुहूर्ताला नवरदेव मांडवात आला, तर धाकट्या दोघींच्या लग्नांनाही हाच बँड. नाहीतर शेवगावचा, असे त्यांनी बजावले होते.

मिरवणूक निघाली. पुढे अमीरचा टेम्पो. त्याच्या हौद्यात जनरेटर, कर्णे आणि पेटीपाशी फेटा बांधून बसलेला पन्नाशीचा गोरक्ष. मागे क्लॅरिनेट घेऊन मास्तर, मग नाचणारे आणि शेवटी घोड्यावर नवरदेव. पण लय इतकी संथ, की मिरवणूक भरल्या उसाच्या गाडीसारखी सरकत होती. बारा दहा झाले, तरी निम्मी वाट बाकी!

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतले आणि गोरक्षला हाक दिली, "टेम्पो वाढव!"

लयीला टेम्पो म्हणतात, हे बँडात सर्वांना ठाऊक होते. अमीर बँडातला नव्हता. गोरक्षने नॉब फिरवला, पेटी ढिम्म. अमीरने गिअर बदलला, टेम्पो तत्पर.

"आणखी वाढव!" मास्तर निर्धाराने ओरडले.

गोरक्षने नॉब टोकापर्यंत नेला आणि अमीरने तिसरा गिअर टाकला. गाणे दूर जाऊ लागले, तसे नाचणारे त्याच्यामागे धावू लागले. वाजंत्रीमागे चालण्याची सवय असलेला घोडाही दौडू लागला. नवरदेवाने एका हाताने मुंडावळ्या आणि दुसऱ्या हाताने आयाळ धरली. "कमी कर, कमी कर," असे मास्तर विनवत राहिले. पण अमीर केव्हाच ऐकू येण्यापलीकडे गेला होता.

मांडवाच्या दारात जयमालाची आई भागिरथीबाई ताट घेऊन सज्ज होत्या. टेम्पोतून फेटा उतरताच त्यांनी ओवाळले. गोरक्षने वाकून कुंकू लावून घेतले. तेवढ्यात घामाघूम नवरदेव येऊन थडकला. बारा चोवीस!

सर्वांत शेवटी मास्तर धापा टाकत पोहोचले. उत्तमराव घड्याळाकडे पाहत प्रसन्नपणे म्हणाले, "मास्तर, आमच्या घराण्यात वेळंवर आलेला ह्यो पयला नवरदेव. धाकट्या दोघींच्या लग्नाला ह्योच टेम्पो पायजे."

मास्तरांची छाती फुगली. घाम पुसत त्यांनी विनयाने सांगितले, की खरे तर पुढच्या वेळी टेम्पो याहून थोडा वाढवताही येईल.

"वाढवंल की," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी अमीरच्या खांद्यावर हात ठेवला. "बँड मग कुठला का असंना."