पोळ्याची मोटार

पोळ्याच्या सकाळी सगळं गाव बैलं धुवायला नदीवर गेलं, तेव्हा सटवाजी मोटारीखाली उताणा पडून चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या कमानपाट्यांना लाल रंग लावत होता. बैल नाही, शेत नाही, बायको गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही. होती ती ही मोटार. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेले, ते जाताना आपल्या या ड्रायव्हरला ती देऊन गेले. पोळ्याला बैल घेऊन दारात आलेल्याला पुरणपोळी मिळते, चार शब्द मिळतात. बिनबैलाच्या माणसाला कोण बोलावणार? म्हणून यंदा मोटारच पोळ्यात न्यायची, असं सटवाजीनं ठरवलं. शिंगं नाहीत तर पाटे रंगवू.

रंगाची कृती आश्रुबा सुताराची. "पाटे लवतेत, सटवाभाऊ. साधा रंग पहिल्याच खड्ड्यात तडकंल. जवसाच्या तेलात गेरू कालवा अन् वरून काकवी वता. लवचीक बी ऱ्हातो अन् निघता निघत न्हाई."

"काकवी किती?"

"हात सैल सोडा."

सटवाजीनं हात इतका सैल सोडला, की रंगात काकवी आहे की काकवीत रंग, हे सांगणं अवघड झालं.

संध्याकाळी वेशीत तोरणासमोर बैलांची रांग लागली. पहिला मान व्यंकटराव पाटलांच्या जोडीचा. वाजंत्रीच्या गोंगाटात सटवाजीनं मोटार गुपचूप रांगेच्या शेवटी आणून लावली. कुणी हसलं नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. त्याला तेच जास्त लागलं. बैलांना मात्र वास गेला. शेवटची जोडी वळली आणि मोटारीखाली माना घालून पाटे चाटू लागली. मग तिच्या पुढची. बघता बघता पाटलांची मानाची जोडीही तोरणाकडं पाठ करून तिथं आली.

"काय लावलंस रे हिला?" पाटलांनी विचारलं.

"रंग."

"बैलं चाटायलेत की."

"लवचीक हाय, मालक."

कासरे ओढून झाले, शेपट्या पिरगाळून झाल्या, बैल हलेनात. घरोघरी नैवेद्य खोळंबले. शेवटी पाटील म्हणाले, "मोटार घेऊन जा बाबा इथून." सटवाजीनं मोटार चालू केली. वाट तोरणाखालूनच होती. मोटार पुढं, सगळी बैलं मागं, आणि पोळ्याचा पहिला मान मोटारीनं घेतला.

"आता माझ्याच दारात चल," पाटील कपाळाला हात लावून म्हणाले. "न्हाईतर माझी जोडी तुझ्या घरी मुक्कामाला यील."

दारात पाटलीण वच्छलाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बैलांना ओवाळलं, आणि बैल मोटारीला सोडेनात म्हणून तिलाही कुंकू लावलं. सटवाजी आतच बसून होता. पुरणाचा वास आला तसे त्याचे डोळे भरून आले.

"उतरा की, भावजी. ही मोटार कामून आणली पण?"

सटवाजीनं खरं ते सांगितलं. "बैल न्हाई मला. रिकाम्या हातानं कसं यावं, वैनी?"

"अन् आमी म्हणायलो, जहागीरदाराकडं जेवलेला माणूस, आपल्या घरी येतो का न्हाई. बोलवायचं भेव वाटायचं. दर पोळ्याला तुमचं पान वाढून ठेवते, वाट बघते अन् मग गाईला घालते."

सटवाजी खाली उतरला. ओसरीवर चढता चढता त्यानं गोठ्यातल्या गाईकडं पाहिलं. चांगलीच गुबगुबीत होती.