ईस्टरपर्यंतचा विल्सन

आमच्या गावात दगड भिरकावला तर तो विल्सनलाच लागतो. (बहुतेक वेळा मलाच.) म्हणून चर्चच्या समितीने नामवंत विल्सनांची एक पाटी सभागृहात लावायचं ठरवलं. अट एकच, माणूस मेलेला हवा. जिवंतांतून निवड केली असती तर खून पडले असते.

यादी सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम माझ्या बायकोकडे, एनिडकडे आलं. ती बाहेर दूध घ्यायला गेली आणि मी सहज डोकावलो. चौथं नाव होतं कथबर्ट विल्सन. म्हणजे मी. अक्षर कुठेही थरथरलेलं नव्हतं.

समितीत डॉक्टर विल्सनही होते, आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी माझं रक्त तपासायला घेतलं होतं. पाटी ईस्टरला लागणार होती. मी कॅलेंडर पाहिलं. सतरा दिवस. त्या संध्याकाळी एनिडने पुडिंगचा मोठा तुकडा मला वाढला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. (तुकडा संपवला.)

जाताना मनावर ओझं नको. एकोणीस वर्षांपूर्वी, लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीसारख्या भाजीच्या, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सासऱ्यांच्या वाफ्यात माझं फावडं पडलं आणि दंडाएवढ्या जाड लीकचे दोन तुकडे झाले. आमच्याकडे लीक खाण्यासाठी नाही, अब्रूसाठी लावतात. मी नाव शेजारच्या नॉर्मनचं घेतलं. सासरे त्याच दुःखात गेले, आणि एनिड नॉर्मनशी आजवर एक शब्द बोललेली नाही.

मी सगळं सांगून टाकलं. वर म्हणालो, "आता राग धरू नकोस. थोडेच दिवस उरलेत."

"कुणाचे?"

मी यादीतल्या चौथ्या नावावर बोट ठेवलं.

"अरे खुळ्या, हा खाणीत पंप बसवणारा कथबर्ट. त्याला जाऊन शंभर वर्षं झाली. तुझं नाव पाटीवर लावायला तू केलंयस काय?"

मी डॉक्टरांनी घेतलेल्या रक्ताचं विचारलं.

"रक्तात काही नाही तुझ्या. डॉक्टर काल भेटले होते, म्हणाले, अजून वीस वर्षं सहज काढशील."

मग तिने हॅट घातली, उरलेलं पुडिंग उचललं आणि नॉर्मनकडे निघाली. दारात थांबून म्हणाली, "त्याच्याशी एकोणीस वर्षं बोलले नाही. आता तेवढीच तुझ्याशी."

एनिड शब्दाची पक्की आहे. हिशेबाने शेवटचं एक वर्ष माझ्या वाट्याला येतं. तेव्हा काय बोलायचं, ते आतापासून लिहून ठेवतोय.