लाइनीवर कोणीतरी आहे

तावडे मावशींच्या घरी गेलात तर चपला दाराबाहेर काढायच्या आणि फोन तांदळात ठेवायचा. बेल वाजवली की मावशी दार उघडून आधी स्टीलचा डबा पुढे करतात. "घाल." आपण फोन घालायचा. मग त्या झाकण दाबून बसवतात, डबा स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पिंपात खुपसतात, वरून दोन ओंजळी तांदूळ लोटतात, आणि त्यानंतर "ये, बस, चहा घेणार?" हे सभ्य माणसांचं वाक्य बोलतात. तुम्ही मंत्री असा नाहीतर गॅसवाला, नियम एकच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा फोन द्यायला तयार झाले नाहीत, तर त्यांच्याशी मावशी दाराची साखळी लावून फटीतून बोलल्या. बिचारा माणूस शेवटी मान वाकडी करून घरी गेला.

कारण विचाराल तर उत्तर ठरलेलं. "लाइनीवर कोणीतरी आहे."

हे त्या घाबरून वगैरे म्हणत नाहीत. आज पाणी लवकर गेलं, ह्या सुरात म्हणतात. आणि ह्या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे. चिंचपोकळीची आमची चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, त्याच्या कितीतरी आधीपासून मावशी ट्रंक कॉलच्या एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. इथून कोकणात जाणारे कॉल त्या जोडून द्यायच्या, आणि ऐकायच्या! हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

"म्हणजे चोरून?" मी हादरलोच.

"चोरून कसलं? जोडलं गेलंय की नाही बघायला ऐकावंच लागतं. मग पुढचंही थोडं कानावर येतं." मावशींनी बशीत चहा ओतला. "तुझ्या मोठ्या काकाचं लग्न आधी कणकवलीच्या मुलीशी ठरत होतं, माहितीये तुला? तिच्याकडच्यांनी मोडलं. मुलगा घोरतो म्हणून."

"पण घोरतो हे त्यांना कळलं कसं?"

"ते मला नको विचारूस."

अहो, आमच्या घरात हे कोणालाच माहीत नाही! काका वारले, काकाने बघितलेली पहिलीच मुलगी आपण, हे काकू अजून सगळ्यांना सांगत असते, आणि ही बाई इतकी वर्षं हे पोटात ठेवून आमच्याकडे हळदीकुंकवाला येतेय!

"तेव्हा लाइनीवर मी होते रे," मावशी म्हणाल्या, "आणि मी कोणाला सांगितलं नाही. आता जे आहेत ना, त्यांना सांगायचाच पगार मिळतो."

मी त्यांची भरपूर टर उडवायचो. म्हटलं, मावशी, माझ्यात ऐकण्यासारखं आहे काय? विम्याच्या ऑफिसातला माणूस मी. माझा गुडघा दुखतो हे ऐकून कोणाचं काय भलं होणार? हे बोललो सकाळी, संध्याकाळी माझा फोन मला गुडघ्याचे पट्टे विकत होता. तेही दोन रंगांत. योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं.

पण पुढचं ऐका. मला साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि आमच्या राजश्रीने, म्हणजे बायकोने, ते डॉक्टरांपेक्षा जास्त मनावर घेतलंय. एका रविवारी तिने तिच्या मामेबहिणीचा पत्ता बघायला माझा फोन घेतला आणि नकाशा उघडला. आणि त्या नालायकाने तिला माझं सगळं चरित्र वाचून दाखवलं! ऑफिस, तिथून लालबाग, लालबागला मिठाईच्या दुकानापाशी हा एवढा ठिपका, आणि त्याखाली, वर तोंड करून, प्रश्न: 'तुम्ही इथे वारंवार येता. ह्या दुकानाबद्दल तुमचं मत लिहाल का?'

राजश्रीने तो प्रश्न मोठ्याने वाचला. दोनदा. नंतर घरात जे झालं ते मी सांगणार नाही.

मी सरळ समोरच्या दारात गेलो आणि स्वतःच्या हाताने फोन डब्यात टाकला. "मावशी, मी ह्याला कधी सांगितलं होतं माझ्या मागे मागे फिर म्हणून?"

"सांगितलंस की. घेतलास त्या दिवशी. ते विचारतात ना एकामागून एक? कुठे आहेस ते बघू? हो. माईक घेऊ? हो. फोटो बघू? हो. पोथी वाचताना माणूस डुलक्या काढत 'हूं हूं' करतो, तसा तू हो हो करत गेलास."

मग आम्ही तो फोन डब्यातून काढला आणि कोणाला काय काय परवानगी दिलीय ते बघत बसलो. टॉर्चच्या ॲपला माझ्या सगळ्या ओळखीपाळखीची नावं पाठ! पंचांगाच्या ॲपला माईक! "एकादशी कधी ते सांगायला ह्याला तुझं बोलणं कशाला ऐकायला हवं?" मावशींनी विचारलं. एकेक बंद करत गेलो. पण अंगात मस्ती होतीच. जाता जाता म्हणालो, "मावशी, आता तांदळात घालून काय उपयोग? तुमचीही कुंडली गेलीय त्यांच्याकडे. काय खाता, कुठे जाता, सगळं."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. आत तावडे काका खिडकीपाशी बसले होते.

काकांबद्दल आता सांगायलाच हवं. दिगंबर तावडे, मावशींचे यजमान. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत, आणि गिरणीच्या आधी, नंतर, मध्ये भजनात. त्यांनी आलाप घेतला की अख्खी चाळ गॅलरीत येऊन उभी राहायची. गेली काही वर्षं काका विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग आमची नावं, मग जेवलो की नाही ते. मावशी म्हणायच्या, "ह्यांना जरा ऐकायला कमी येतं." अख्ख्या मजल्याला खरं काय ते ठाऊक होतं. पण मावशी म्हणतायत ना कमी ऐकू येतं, मग आम्हीही काकांशी मोठ्याने बोलायचो.

एकदा मी तिथे असतानाच काकांचा फोन वाजला. कोणीतरी फार गोड आवाजात चौकशी करत होतं आणि काका आनंदाने सांगत होते. पूर्ण नाव. मजला. बायको बाजारात कधी जाते. चावी मीटरच्या बॉक्समागे असते. विचारेल त्याला सगळं सांगायचे हो ते, लहान पोरासारखे! मावशींनी पुढे होऊन त्यांच्या हातातून फोन घेतला, जरा वेळ कानाला लावला, आणि बंद केला. त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. त्या दिवशी काकांचा फोन जो तांदळात गेला तो कायमचा. दारात डबा यायला लागला तोही तेव्हापासूनच. मावशींना जगात एकच गोष्ट सांभाळायची होती, काका. कोणी त्यांना फसवू नये आणि कोणी त्यांना हसू नये.

म्हणून फोटोलाही बंदी. बिल्डिंगमध्ये कोणीही फोन उचलला की मावशींचा पंजा काकांच्या तोंडासमोर हजर. "ह्यांचा नको." सत्यनारायण असो, गणपती असो, कोणाचं बारसं असो, पंजा! सोसायटीने गेटसाठी ॲप काढलं आणि घरातल्या प्रत्येकाचा फोटो मागितला, तेव्हा मावशींनी मीटिंगमध्ये सेक्रेटरींना उभं राहून विचारलं, "वॉचमनला देवाने डोळे दिलेत ना? मग?" मी टाळ्या वाजवल्या होत्या. आज आठवलं की कसंतरी होतं.

कारण एका दुपारी मावशी चक्कीवर दळण आणायला गेल्या आणि परत येतात तो दार सताड उघडं. मी सर्दीने घरी होतो. मावशींचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "विनू! हे नाहीत!"

चपला नव्हत्या. काठी जागेवर होती. मी खाली धावलो. वॉचमन म्हणाला, "हां, गये ना अंकल. नमस्ते भी किया." कुठे गये? ते त्याला माहीत नाही. वर येऊन मी म्हटलं, मावशी, काकांचा फोन? त्यावरून निदान कळलं असतं हो कुठे आहेत ते!

मावशींनी पिंपाकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "मीच घातलाय रे. मीच बंद करून घातलाय."

तसाच त्यांना घेऊन चौकीत गेलो. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "घाबरू नका मावशी, चेहऱ्याचा फोटो द्या, आत्ता सगळ्या ग्रुपवर फिरवतो." मी माझा फोन काढला. सत्यनारायणाचा फोटो: काकांचा सदरा, खांद्यावर उपरणं, आणि वर मावशींचा पंजा. गणपतीचा फोटो: पंजा. बारशाचा फोटो: पंजा, दोन बांगड्या आणि बोटांमधून काकांचा अर्धा कान. हवालदार बोटाने सरकवतोय, सरकवतोय. शेवटी म्हणाला, "अहो, ह्यात माणूस कुठेय?"

हसू येईल असं वाटलं मला, आईशप्पथ. मग मी मावशींकडे बघितलं. त्या स्वतःचा हात उलटा करून बघत होत्या.

"आधी कुठे जायचे ते?" हवालदाराने विचारलं.

"नायगावला. भजनाला. पण त्या चाळी आता पाडतायत, मंडळ कुठे गेलं ते मला नाही माहीत."

मी नायगावच्या भजनी मंडळांचे नंबर शोधायला लागलो. एक लागला, कोणी उचलला नाही. दुसरा लागलाच नाही. आता पायीच शोधत फिरायचं म्हणून उठलो, तेवढ्यात फोन आपणहून वाजला. 'तुमच्या जवळ आत्ता लाईव्ह: भजन.' मी काही दाबलं नव्हतं. ठिकाणाची परवानगी तर मी माझ्या हाताने काढून घेतली होती! कुठल्या कोपऱ्यात राहिली होती देव जाणे. उघडलं. खाली ठिकाण नायगावचंच. पत्र्याचा मंडप, टाळ, पखवाज, दहाबारा माणसं. आणि मध्ये मांडी घालून, एक हात वर करून, काका.

"मावशी, हे बघा."

मावशींनी फोन ओढूनच घेतला. मग पुटपुटल्या, "ऐकलंन मेल्याने." आणि रडायला लागल्या.

टॅक्सीत त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. "चार्जिंग आहे ना रे? बंद नको पडू देऊस. हे दिसायचे थांबतील." काका गात होते. माझं नाव न आठवणारा माणूस अभंगातला एक शब्द चुकत नव्हता. पडद्यावर खालून वर लाल बदाम तरंगत होते.

"हे कोण सोडतंय?"

मी घाबरतच सांगितलं, "बघणारे. लोक बघतायत, मावशी."

"बघू देत," मावशी म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा भजन नुकतं थांबलं होतं. मंडळाचे बुवा उठून आले. "वहिनी, ते आले आणि बसले, आम्हाला वाटलं सवडीने आलेत! सांगून आले नाहीत होय?" काकांनी मान वर करून मावशींकडे बघितलं. चेहरा छान उजळला. त्यांनी हात जोडले. अनोळखी बाईला जोडावेत तसे. "येवा, बसा. तुमचो गाव खंयचो?"

बुवांनी घाईघाईने लाईव्हचा फोन बंद करायला हात पुढे केला.

"आचरा," मावशी अगदी सहज म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"बरो गाव," काका म्हणाले. "ऱ्हवा जरा. एक गवळण म्हणतंय."

गवळण झाली. घरी निघालो. परळ ओलांडेपर्यंत काका मावशींच्या खांद्यावर झोपून गेले. मला राहवेना. विचारलं, "मावशी, कधीपासून हे?"

"रोज सकाळी विचारतात रे. चहा देते तेव्हा. मी गाव सांगते, बरो गाव म्हणतात, चहा पितात." मावशी बाहेर बघत होत्या. "तू त्या दिवशी म्हणालास ना, त्या लोकांकडे माझं सगळं आहे. काय खाते, कुठे जाते. असेल बाबा. ह्यांच्याकडेच माझं काही राहिलं नाही."

मी पुढे तोंड करून बसलो. मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. टॅक्सी सिग्नलला थांबली तसे काका जागे झाले.

"गाव इलो काय?"

"नाय ओ," मावशी म्हणाल्या. "इलो की मी उठवतंय. निजा तुमी."