दातारकाकांची भूछत्रं

ओल्या पाचोळ्यात ब्लेझर-टायसकट पालथा पडलेला सत्तरीचा माणूस दिसला, तर ॲम्ब्युलन्सला फोन करू नका. ते आमचे दातारकाका आहेत, हातात कॅमेरा आहे आणि त्यांच्या नाकासमोर कुत्र्याची छत्री उगवलेली आहे. एकदा एक इंग्रज बाई घाबरून धावत आली, "आर यू ऑल राइट, लव?" काका मान न वळवता म्हणाले, "मॅडम, यू आर स्टँडिंग इन माय लाइट."

लंडनजवळ स्टॅनमोरमध्ये आमची भिंतीला भिंत. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलेलं, त्यामुळे रविवारचा सारथी मी. ऑक्टोबरात जंगलं, मे-जूनमध्ये बागा. डब्यात दडपे पोहे, थर्मासमध्ये चहा आणि काकांच्या खिशात सुपारी. खायला नव्हे! आकार कळावा म्हणून बाकीचे लोक भूछत्राशेजारी नाणं ठेवतात. काका पूजेतली सुपारी ठेवायचे. "नाण्यावर राणीचं तोंड. लक्ष उगाच तिकडे जातं."

छत्तीस फोटोंचा रोल, पण त्यातला एकही माणसांवर खर्च व्हायचा नाही. माझी बायको एकदा हौसेनं पदर सावरून गुलाबांपुढे उभी राहिली. काका म्हणाले, "सुनंदा, जरा बाजूला हो. गुलाब झाकतेयस."

त्यांची एकुलती एक मुलगी नीला ग्लासगोला डॉक्टर. तिनं स्कॉटिश मुलाशी लग्न केलं तेव्हा काका रुसून लग्नाला गेलेच नाहीत. पुढे चार वर्षं पत्र नाही, फोन नाही. जावई वनस्पतिशास्त्र शिकवतो, एवढं मात्र त्यांनी कुठूनसं काढलं होतं. मग एके दिवशी त्यांनी एका भूछत्राचा फोटो पाकिटात घातला आणि मागे लिहिलं, "काइंडली आयडेंटिफाय."

आठवड्यात चार पानं आली. भूछत्र जावयानं ओळखलं होतं. पण शेजारची तपकिरी गोल वस्तू कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, डिपार्टमेंटमधल्या तिघांनी हात टेकले, असं त्यानं प्रामाणिकपणे कळवलं होतं. काका ठसका लागेपर्यंत हसले. उलट टपालानं सुपारीवर तीन पानं गेली, गणपतीपासून अडकित्त्यापर्यंत.

तेव्हापासून दर पंधरवड्याला पत्र. गाडीत ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. "बघ, लॅटिन नावासकट! आहे का तुझा जावई असा?" माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पण त्यांची छाती अशी फुगलेली असायची, की मीच ओशाळून "नाही हो काका" म्हणायचो. पत्राच्या तळाशी हळूहळू नीलाची एक ओळ येऊ लागली : "बाबा, ओल्यात झोपत जाऊ नका." ती ओळ मात्र ते मनातल्या मनात वाचायचे.

एका मे महिन्यात आम्ही मोठ्या बागेत गेलो. तिथे प्रत्येक फुलझाडाला नावाची पाटी. काका एका निळ्या फुलापुढे गुडघे टेकून बसले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी पाटी झाकायला घेतली. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात रुमाल. वाऱ्यानं तो उडत होता.

"काका, नाव लिहिलंय की तिथे!"

"वाचलंय मी."

"मग?"

त्यांनी उडालेला रुमाल पुन्हा पाटीवर ओढला.

"फोटोत नाव दिसलं, तर ग्लासगोला पत्र कशाच्या निमित्तानं टाकू?"

चार वर्षांचा हट्ट या माणसानं किती शहाणपणानं मोडला होता! मला त्यांचा फार अभिमान वाटला.  खाली बसलो आणि रुमालाची दोन्ही टोकं घट्ट धरली.