नदीशी पोकर

आमच्या गावाला दरवर्षी श्रावणात नदीशी पत्ते खेळावे लागतात आणि हरलो तर खालची आळी पाण्यात जाते. आजवर मेंढीकोटच चालायचं. नदी भिडू म्हणून ओढ्याला आणायची. यंदा ओढ्यावर बंधारा बांधल्यामुळे त्याला येता येईना, तेव्हा नदीने पोकर खेळायचं कळवलं. त्याला भिडू लागत नाही.

गावात पोकर कुणाला येतं? खेळायच्या होत्या इंदुमती चौगुले. मेंढीकोटात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. ग्रामसेवक मगदूम दोन दिवस त्यांना शिकवत होते. पाच पानं, जोडी लागली की डाव वाढवायचा, भिऊन पानं टाकली की हार, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मोठं पान जिंकतं, असं सांगून ते पुढे गेले. मोठं कुठलं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं.

माझं घर खालच्या आळीत. भांडीकुंडी माळ्यावर चढवूनच मी शाळेत डाव बघायला गेलो.

नदी वेळेवर आली, बाकावर बसली. पानं वाटली. बाईंनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मगदूमांनी कपाळाला हात लावला.

नदीने आमची आळी मागितली. बाई म्हणाल्या, "वरची आळीबी लावते. देऊळबी घे."

नदी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंचं हसू काही जाईना.

"एवढं हसू कुणाला उगाच येत नाही," नदी म्हणाली. तिने पानं टाकली, पदर आवरला आणि पात्रात निघून गेली.

मला रडूच आलं, आणि त्याची लाज वाटली नाही. मगदूमांनी नदीची पानं उलटली. राजांची जोडी होती. बाईंकडे होत्या दोन दश्श्या. मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी, आणि ज्याच्याकडे मेंढ्या त्याचा डाव. बाईंना पोकरही तसंच वाटलं होतं.

"दोन मेंढ्या हातात असताना भ्यायचं कशाला?" असं म्हणून त्या घरी गेल्या.

मग तिथेच ग्रामसभा बसली. राजा दश्शीपेक्षा मोठा असतो हे चौगुलेबाईंना कुणीही सांगायचं नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला.